शिंदे कुठले आणि शिंदे कोण

शिंदे आडनाव असलं की एक प्रश्न जन्मभर चिकटतो, कुठले शिंदे? लग्नात, प्रवासात, नवीन ऑफिसमध्ये, भाड्याने घर बघायला गेलं की. गाव सांगितलं तरी समोरच्याचं समाधान होत नाही, तालुका विचारतात, मग कुळ, मग देवक, मग मामाचं आडनाव, आणि एवढं सगळं विचारून त्यांना जे हवं असतं ते गाव नसतं, जात असते. कारण शिंदे या आडनावावरून जात कळतच नाही. मराठ्यांमध्ये शिंदे आहेत, दलितांमध्ये आहेत, भटक्या जमातींमध्ये आहेत, आणखी कितीतरी समाजांमध्ये आहेत. मला ही आमच्या आडनावाची सगळ्यात चांगली गोष्ट वाटते आणि ज्यांना ती अडचण वाटते त्यांच्याशी माझं कधी पटत नाही.

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड येतो, शिंदे घराण्याचा इतिहास, भगवा झेंडा, घोड्यावरचा फोटो, खाली अभिमान आहे मला शिंदे असल्याचा. त्यात सगळे सरदार. आता सरदारांबद्दल मला आदर नाही असं अजिबात नाही, उलट मी ते सगळं आवडीने वाचते, पण त्या लिस्टमध्ये एकही बाई नसते, एकही गायक नसतो, पुस्तक लिहिणारं कोणी नसतं, आणि ज्या शिंद्यांची मला खरंच आठवण यावी असं वाटतं ते तर नसतातच. म्हणून आज माझी स्वतःची लिस्ट लिहितेय.

सुरुवात सरदारांपासूनच करते कारण तो इतिहास खरंच मोठा आहे. साताऱ्यात कोरेगाव तालुक्यात कण्हेरखेड नावाचं गाव आहे, तिथल्या पाटलांच्या घरातले राणोजी शिंदे. बाजीराव पेशव्यांच्या काळात ते वर आले, माळव्यात सरंजाम मिळाला, उज्जैन त्यांचं ठाणं झालं. त्यांची मुलं जयाप्पा, ज्योतिबा, दत्ताजी, तुकोजी आणि महादजी. या एका घरानं काय काय सोसलं ते बघितलं ना तर अंगावर काटा येतो. जयाप्पांचा १७५५ मध्ये नागौरजवळ दगा देऊन खून झाला. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले, बचेंगे तो और भी लडेंगे ही त्यांच्या नावावरची ओळ शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकलीय. पुढच्या वर्षी पानिपत, त्यात तुकोजी गेले आणि जयाप्पांचा पोरगा जनकोजी, अगदी कोवळा, तोही गेला. सहा सात वर्षांत अख्खं घर रिकामं.

महादजी वाचले ते एका भिश्त्यामुळे. पानिपतावरून पळताना एका अफगाण स्वारानं पाठलाग करून त्यांच्या पायावर वार केला, पाय कायमचा अधू झाला, आणि रस्त्यात पडलेल्या या माणसाला राणेखान नावाच्या पखालीने पाणी वाहणाऱ्या मुसलमान माणसानं आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणलं. महादजींनी ते कधी विसरलं नाही. राणेखानाला भाऊ म्हणाले आणि नुसतं तोंडाने म्हणाले नाहीत तर सेनापतीच्या योग्यतेला नेलं, पुढे १७८८ मध्ये गुलाम कादिरनं दिल्लीत बादशहा शाह आलमचे डोळे काढले तेव्हा त्याच्यावर जी फौज गेली ती घेऊन जाणाऱ्यांत हाच राणेखान पुढे होता. महादजींचे गुरु होते बीडचे मन्सूरशहा, सूफी. आणि एवढी दिल्ली मुठीत असताना हा माणूस स्वतःला पाटील म्हणवून घ्यायचा, पाटीलबावा हेच नाव लोकांच्या तोंडी होतं. भक्तीच्या कविता पण करायचे. फॉरवर्डमध्ये तलवार असते, राणेखान नसतो, मन्सूरशहा नसतात. मला उलट हेच दोघं सगळ्यात आधी सांगावेसे वाटतात.

१२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी पुण्यात वानवडीला गेले आणि तिथेच त्यांची छत्री आहे, शिंदे छत्री. पुण्यात राहून जे गेले नसतील त्यांनी जाऊन या, लष्कर भागात आहे, पुण्यातच आहोत की राजस्थानात असं वाटायला लावणारी इमारत आहे आणि एवढी शांत जागा त्या भागात दुसरी नाही.

उत्तरेत गेल्यावर शिंद्यांचं सिंदिया झालं, इंग्रजी कागदपत्रांत तेच स्पेलिंग पक्कं झालं आणि ग्वाल्हेरचं घराणं आजही तेच लावतं. विजयाराजे, माधवराव, वसुंधराराजे, ज्योतिरादित्य, हे सगळे माहितीच आहेत, त्यावर मी जास्त लिहीत नाही. पण ते स्पेलिंग कुठे कुठे पोचलंय ते भारी आहे. वालचंद हिराचंद आणि मंडळींनी १९१९ मध्ये इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून भारतीय जहाज कंपनी काढली, त्यासाठी जे पहिलं जहाज घेतलं, एसएस लॉयल्टी, ते ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेलं, आणि कंपनीचं नावच पडलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला ते जहाज मुंबईहून लंडनला निघालं म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस आहे. मग याच कंपनीनं विशाखापट्टणमला १९४१ मध्ये जहाज बांधायचा कारखाना काढला, तोच आताचा हिंदुस्थान शिपयार्ड, आणि विशाखापट्टणममध्ये आजही त्या एरियाला लोक सिंदियाच म्हणतात. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या पाटलांचं आडनाव आज आंध्रात समुद्राकाठी सिटी बसच्या पाटीवर आहे! मला हे कळलं तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून बोलावून सांगितलं.

काशीला पण सिंदिया घाट आहे. तो बांधला बायजाबाईंनी. आणि इथे माझ्या लिस्टमधली पहिली बाई येते. बायजाबाई मूळच्या कागलच्या घाटग्यांच्या, दौलतराव शिंद्यांशी लग्न होऊन शिंदे झाल्या. नवरा १८२७ मध्ये गेला, पोटचा मुलगा नाही, दत्तक मुलगा लहान, तर या बाईनं १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार स्वतः चालवला. घोड्यावर पटाईत, पैशाच्या व्यवहारात पटाईत, इंग्रज रेसिडेंटला पुरून उरणारी. काशीच्या ज्ञानवापी विहिरीभोवतीचे जे दगडी खांबांचे मंडप आहेत तेही त्यांनीच १८२८ च्या सुमारास बांधलेले. मग दत्तक मुलाशी बिनसलं आणि त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं, कितीतरी वर्षं इकडे तिकडे काढावी लागली. हे सगळं असूनही दौलतरावाची बायको एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते आणि खरंतर दौलतरावापेक्षा राज्य यांनाच जास्त कळत होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सरदार बास.

महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री शिंदे मिळाले. सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे, दलित समाजातले, सोलापूरच्या कोर्टात साधी नोकरी केली, मग पोलिसात सबइन्स्पेक्टर, मग राजकारण, २००३ मध्ये मुख्यमंत्री आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री. एकनाथ शिंदे मूळचे साताऱ्यातल्या दरे गावचे, ठाण्यात रिक्षा चालवली, २०२२ मध्ये मुख्यमंत्री. पक्ष वेगळे, समाज वेगळे, जिल्हे वेगळे, आडनाव एक. कोणाचं राजकारण आवडतं न आवडतं तो ज्याचा त्याचा प्रश्न पण कुठले शिंदे विचारणाऱ्यांना मी हे दोघं शेजारी शेजारी ठेवून दाखवते.

सोलापूर जिल्ह्यातलाच आणखी एक माणूस, आणि या माणसाबद्दल लिहिताना माझा हात थांबत नाही. प्रल्हाद शिंदे. मंगळवेढ्याचे, जन्म १९३३ चा. घरात आई वडील दोघं गाणारे, गरिबी अशी की गाणं हेच पोट. तिथून मुंबई, कव्वाल्या, लोकगीतं, मग रेकॉर्ड्स, मग कॅसेट. आज आषाढीच्या आसपास एसटी स्टँडवर, रसवंतीगृहात, टेम्पोत, गणपतीच्या मांडवात जो तो जाडसर, मातीतला, किंचित घोगरा पण वरच्या पट्टीत स्वच्छ जाणारा आवाज लागतो तो यांचा. विठ्ठलाला आर्त हाक मारावी तर ती प्रल्हाद शिंद्यांनीच, आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची गाणी लागली की तिथेही तेच. एकाच गळ्यातून पंढरपूर आणि चैत्यभूमी! आणि दोन्हीकडचे लोक त्यांना आपलं मानतात. जन्मानं ज्या समाजाला विठ्ठलाच्या देवळात १९४७ पर्यंत पायरीच्या आत घेत नव्हते, साने गुरुजींना त्यासाठी उपोषणाला बसावं लागलं, त्या समाजातल्या माणसाचा आवाज लागल्याशिवाय आज वारीचा मूड येत नाही, याच्यावर कोणीतरी मोठं काम करायला हवं, खरंच करायला हवं. आमच्या गावच्या देवळात पहाटे त्यांचीच कॅसेट लागायची, देवळाच्या ट्रस्टीपैकी कोणाला त्यांची जात माहिती होती का देव जाणे, गाणं सगळ्यांना पाठ होतं.

२३ जून २००४ ला ते गेले. आनंद शिंदे, मिलिंद शिंदे ही त्यांची मुलं, ऐंशीच्या दशकात पोपटाच्या गाण्यानं कॅसेटचा बाजार कसा हलवला होता ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायची गरज नाही. आता नातवंडं आहेत, आदर्श, उत्कर्ष, हर्षद, आदर्शचा आवाज तर सिनेमात जिथे ढोल ताशा आहे तिथे असतोच. त्यांच्या स्टेज शोचं नाव शिंदेशाही बाणा. आणि ग्वाल्हेरची जी पगडी आहे तिला शिंदेशाही पगडी म्हणतात. दोन शिंदेशाही. एक तलवारीने मिळवलेली आणि एक गळ्याने, आणि दुसरी आजही रोज चालू आहे.

क्रिकेटवाल्यांसाठी सदू शिंदे. लेगस्पिनर, सदाशिव हे पूर्ण नाव, १९४६ ते १९५२ मध्ये ७ टेस्ट खेळले. १९५१ ला दिल्लीत इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात ९१ रन देऊन ६ विकेट काढल्या, इंग्लंड २०३ ला ऑलआउट. दुसऱ्या डावातही संधी होत्या पण बॉलिंगवर कॅच सुटत गेले आणि मॅच ड्रॉ झाली, तेव्हा भारतानं अजून एकही टेस्ट जिंकलेली नव्हती, म्हणजे ते कॅच घेतले असते तर भारताच्या पहिल्या विजयाचा हिरो सदू शिंदे असता कदाचित. पहिली टेस्ट त्याच सीरिजच्या शेवटी मद्रासला जिंकली, तेव्हा विनू मंकड हिरो. शिंदे पुढे १९५५ मध्ये टायफॉइडनं गेले, वय ३१. केवढं कमी! त्यांची मुलगी प्रतिभा म्हणजे शरद पवारांच्या पत्नी, म्हणजे सुप्रिया सुळेंचे आजोबा. आणि बघा, इथेच मला जे म्हणायचंय ते परत येतं. सदू शिंद्यांची लेक पवार झाली, नात सुळे झाली, आडनावाच्या हिशेबात तो धागा तिथेच तुटला, कोणत्याही शिंदे फॉरवर्डमध्ये या दोघी येणार नाहीत. आणि बायजाबाई घाटगे होत्या त्या शिंदे म्हणून येतात, आल्या तर.

आडनाव बाईचं असतं कधी? जन्माला आली की बापाचं, लग्न झालं की नवऱ्याचं. मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही. फार मोठं भांडण झालं घरात असं नाही, सासरच्यांनी समजून घेतलं, त्यांचे आभारच मानते, पण बाहेरच्या जगानं जो छळ मांडला तो विचारू नका, एका बँकेत तर काउंटरवरचे साहेब म्हणाले मॅडम कायद्याने बदलावंच लागतं. असा कुठलाही कायदा नाही, मॅरेज सर्टिफिकेट दाखवलं की काम होतं, पण ते तासभर ऐकायला तयार नव्हते. मुलीच्या शाळेत आईचं आडनाव वेगळं का म्हणून विचारतात. त्या काळात मला दोन शिंदे बायका सापडल्या आणि त्यांच्यामुळे मला जो धीर आला तो शब्दांत सांगता येत नाही. दोघीही लग्न झालेल्या, आणि दोघीही आज ज्या नावाने ओळखल्या जातात ते माहेरचं.

पहिली जनाक्का. त्याआधी तिच्या भावाचं सांगावं लागेल. विठ्ठल रामजी शिंदे, जन्म २३ एप्रिल १८७३, जमखंडीचा, म्हणजे आता कर्नाटकात. घर वारकरी. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकले, सयाजीराव गायकवाडांनी मदत केली, १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजमध्ये धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परत आले ते प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून. एवढं शिकलेला माणूस त्या काळात कुठेही आरामात राहिला असता. यांनी १८ ऑक्टोबर १९०६ ला मुंबईत परळला डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, म्हणजे अस्पृश्य मुलांसाठी शाळा, वसतिगृहं, दवाखाना, आणि नुसतं काढलं नाही तर बायका पोरांसह त्या वस्तीजवळ राहायला गेले. पुण्यात नाना पेठेतलं अहिल्याश्रम त्यांचंच. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला त्यामागे यांची खटपट. १९३० ला मिठाच्या सत्याग्रहात जेल, येरवडा. जेजुरीच्या मुरळ्यांचा प्रश्न त्यांनी उचलला होता. १९३३ मध्ये भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हे पुस्तक लिहिलं, आजही अभ्यासक ते उघडतात. आणि एवढं करून या माणसाला शेवटी स्वतःचं म्हणावं असं कोणीच उरलं नाही, ब्राह्मणांना ते बहुजन वाटले, मराठ्यांना ते अस्पृश्यांचे वाटले, मिशनमधल्या नव्या पिढीला ते वरच्या जातीचे वाटले. १९२३ ला स्वतःच उभ्या केलेल्या मिशनमधून बाजूला व्हावं लागलं. २ जानेवारी १९४४ ला गेले. महर्षी म्हणतो आपण त्यांना आणि वाचत मात्र नाही. गो. मा. पवारांनी त्यांचं फार मोठं चरित्र लिहिलंय, साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला, लायब्ररीत सहज मिळेल.

तर जनाक्का, जनाबाई, ही त्यांची बहीण. अगदी लहानपणी लग्न, सासरी छळ. त्या काळात अशा मुलीला परत सासरीच पाठवायचे, नशीब तुझं म्हणून. विठ्ठलरावांनी बहिणीला घरी आणलं, पुण्यात ठेवलं, शिकवलं, आणि ती शिकून मिशनच्या कामात आयुष्यभर उभी राहिली. वस्तीतल्या आजारी बायकांकडे जाणं, मुलींना शिकवणं, वसतिगृहातल्या पोरांचं खाणं पिणं, भाषणं भावाची आणि रोजचं राबणं हिचं. मिशनचा इतिहास जनाक्काशिवाय लिहिताच येत नाही. सासरच्या नावाने तिला कोणी ओळखत नाही, जनाबाई शिंदे हेच नाव राहिलं.

आणि दुसरी, जिच्यासाठी खरं म्हणजे मी हे सगळं लिहायला बसले, ताराबाई शिंदे.

बुलढाण्याची. १८५० च्या आसपासचा जन्म. वडील बापूजी हरी शिंदे, तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनी मुलीला घरी शिकवलं, मराठी, संस्कृत, इंग्रजी. लग्न झालं पण नवरा घरजावई, म्हणून तारा बापाच्याच घरी राहिली, शिंदेच राहिली. मूलबाळ नाही.

१८८१ मध्ये सुरतला एक केस झाली. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा, दिवस गेले, लोकलाजेनं जन्मलेल्या बाळाला मारलं, कोर्टानं फाशीची शिक्षा दिली. अपिलात फाशी रद्द झाली, शिक्षा कमी झाली. पण पेपरांत जे सुरू झालं ते भयंकर होतं, पुणेवैभव नावाच्या पेपरात तर बायकांच्या जातीवरच तोंडसुख घेतलं, बायका बिघडल्या, नवीन चालीनं बिघडल्या, वगैरे वगैरे. ज्या पुरुषामुळे ते मूल झालं त्याच्याबद्दल कोणी अक्षर काढेना. आणि बुलढाण्यासारख्या लांबच्या गावात एक बाई हे वाचत होती आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

तिनं स्त्रीपुरुषतुलना लिहिलं. १८८२, पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत वाचून होतं पण वाचून झाल्यावर बैठक मोडत नाही. मुद्दा सरळ आहे, जे जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या अंगी चिकटवता ते एकेक घेऊन सांगते, ते तुमच्यात आमच्यापेक्षा जास्त आहेत का कमी ते बोला. साहस, कपट, चंचलपणा, एकेक घेते आणि पुरुषांच्या पदरात टाकते. नवरा मेला की बाईनं केस काढायचे, कोपऱ्यात बसायचं, तोंड दाखवायचं नाही, मग बायको मेली की पुरुषानं दाढी मिशा भादरून जन्मभर रानात जाऊन का राहू नये असं विचारते! दहाव्या दिवशी दुसरी नवरी बघायला निघता ते कोणत्या शास्त्रात लिहिलंय म्हणते. देवांना पण सोडत नाही, पुराणातल्या देवांनी काय काय केलं ते काढते. इंग्रजांसारखे कपडे बूट घालायला तुम्हाला धर्म आड येत नाही आणि बाईचा विषय निघाला की मात्र धर्म आठवतो, हेही सुनावते. त्या काळातल्या नाटक कादंबऱ्यांत बायका कशा रंगवल्यात त्याचीही झडती घेते, म्हणजे आज ज्याला आपण समीक्षा म्हणतो ते १८८२ मध्ये बुलढाण्यात बसून. आणि भाषा! पुस्तकी नाहीच, भांडणाची, ओट्यावरची, विहिरीवरची, म्हणी आणि शिव्यांच्या कडेकडेनं जाणारी. मला तर वाचताना माझी आत्याच बोलतेय असं वाटत होतं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ताराबाई मराठा. विजयालक्ष्मी ब्राह्मण, गुजरातची. त्यांची जात एक नाही, भाषा एक नाही, प्रांत एक नाही, भेट होण्याचा संबंध नाही. तरी हिला ती आपली वाटली. आणि ती केस ब्राह्मणांची म्हणून सोडून दिली नाही उलट सांगितलं की विधवेला लग्न करू न देण्याची ही चाल वरच्या म्हणवणाऱ्या मराठा घरांतही तशीच आहे. आपल्या घराची झाकली मूठ स्वतः उघडली. दीडशे वर्षं होत आली, आज आपल्या समाजाबद्दल एवढं उघड लिहायची हिंमत माझ्यात तरी किती आहे हा विचार मी करते.

पुस्तक आल्यावर टीका झाली, आणि सत्यशोधकांतल्या काही मंडळींनाही ते रुचलं नाही. ज्यांना जातीची उतरंड दिसत होती त्यांनाच घरातली दिसली नाही. तेव्हा पाठीशी उभे राहिले जोतिराव फुले. १८८५ मध्ये सत्सार या आपल्या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईची बाजू घेतली, चिरंजीवी ताराबाई म्हणाले, आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं. आणि त्यानंतर काही नाही. ताराबाईंचं दुसरं काहीही छापलेलं सापडत नाही. तिनं पुढे लिहिलंच नाही. एवढं लिहू शकणारी बाई, नंतरची सगळी वर्षं गप्प. माझं मन तिथे अडकतं. टीकेनं खचली असेल, का वडील गेल्यावर छापणार कोण, का घरानंच गप्प केलं असेल. आज एखादी बाई ऑनलाइन काही स्पष्ट लिहिते, चार दिवस तिच्यावर तुटून पडतात आणि मग ती अकाउंट बंद करते, असं मी माझ्या मैत्रिणींचं होताना बघितलंय, म्हणून मला ताराबाईंचं गप्प होणं जुनं वाटत नाही.

पुस्तकही विसरलं गेलं. जवळजवळ शंभर वर्षं कोणाला पत्ता नाही. मग मराठीचे अभ्यासक स. गं. मालशे यांना ते सापडलं आणि त्यांनी १९७५ मध्ये ते प्रस्तावना लिहून परत छापलं. १९७५ म्हणजे जागतिक महिला वर्ष, इकडे स्त्रीमुक्तीच्या चळवळीला नुकती धार येत होती आणि नेमकं त्याच वेळी ही पणजी हातात आली. १९९४ ला रोझालिंड ओ'हॅनलन यांनी त्याचं इंग्रजी केलं आणि आता जगभरच्या युनिव्हर्सिटीत ते शिकवतात. आमच्या कॉलेजला मात्र मराठीच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं, मला ते नंतर स्वतःच शोधावं लागलं. तुम्ही शोधा, स्वस्तात मिळतं, कॉपीराइट संपलेलं असल्यामुळे नेटवरही आहे.

माझी मुलगी सध्या दोन्ही आडनावं लावते, वही भरून जाते म्हणून कुरकुर करते. मोठी झाली की तिनं तिचं ठरवावं. ताराबाईंचं पुस्तक मात्र मी तिच्या कपाटात ठेवून दिलंय.

सयाजी शिंदे राहिले बघा, साताऱ्याचे, वेळे कामथीचे, सिनेमातले व्हिलन म्हणून सगळ्यांना माहिती पण २००० साली तमिळमध्ये कवी भारतींची मुख्य भूमिका केली आणि तिकडचे लोक त्या कामाचं आजही नाव काढतात, शिवाय आता डोंगरांवर देशी झाडं लावत फिरतात, हे काम मला त्यांच्या सगळ्या सिनेमांपेक्षा मोठं वाटतं. आणि अण्णासाहेब शिंदे पण राहिले, मूळचे सिन्नर तालुक्यातले पण आमच्या नगर जिल्ह्यातून, कोपरगावमधून निवडून गेलेले, दिल्लीत शेती खात्यात मंत्री होते, १९६६ मध्ये मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आलं आणि हरितक्रांती सुरू झाली त्या सगळ्या काळात ते त्या खात्यात होते. त्यांच्यावर चार ओळीत लिहिणं बरोबर नाही. आमच्या वडिलांना त्या काळातलं बरंच आठवतं, तो नवा गहू पहिल्यांदा गावात आला तेव्हा लोक पोळी लाल होते म्हणून खायला तयार नव्हते वगैरे. त्यांच्याकडून नीट ऐकून घेते आणि मग अण्णासाहेबांवर वेगळं लिहिते.